तीनदा नको म्हणायचं असतं

२ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. सम्राट व्हायचं. ईस्टरच्या आत.

सकाळी डोंगरावरच्या साधूला चीज द्यायला गेलो होतो. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, चीजकडे त्याहून जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाला, थिओग्नोस्ता, तुझ्या डोक्यावर मला मुकुट दिसतोय. मला आश्चर्य वाटलं नाही. मला तो कधीचाच दिसतोय.

सध्या राजवाड्यात जो बसलाय त्याच्यावर शाई वाया घालवणार नाही. तरी थोडी घालवतो. घोड्यावर चढायला त्याला स्टूल लागतं. माशातले काटे काढून द्यायला पदरी वेगळा माणूस ठेवलाय. हा रोमनांचा सम्राट! आणि मी इथे खिंडीतल्या किल्ल्यात शेळ्या आणि शेळपट शिपाई सांभाळतोय.

अँथुसाला सांगितलं. बायको आहे, तिला आधी कळायला हवं. ती म्हणाली, अहो, गोठ्याचं छप्पर दोन पावसाळे गळतंय, ते आधी बघा. साम्राज्य काही भिजत नाहीये. हिला महाराणी करायचं म्हणजे बरंच काम आहे.

८ फेब्रुवारी

आजपासून संकल्प. पहाटे उठायचं. वाइन बंद. खालच्या लोकांवर ओरडायचं नाही, त्यांच्याकडे बघून मंद हसायचं.

उशिरा उठलो, कारण काल रात्री वाइन संपवून टाकली. घरात असली की मोह होतो. स्वयंपाक्याकडे बघून मंद हसलो. तो घाबरून अँथुसाला बोलवायला गेला.

मुख्य अडचण बुटांची. लाल बूट सबंध साम्राज्यात एकाच माणसाने घालायचे. दुसऱ्या कुणाच्या पायात दिसले तर त्याचे डोळे जातात. म्हणजे लोक चेहरा बघत नाहीत, पाय बघतात. राजवाड्यातल्या त्याचा चेहरा पाहता हे ठीकच आहे.

बूट आणायला सिसिनीला निकायाच्या बाजारात धाडलं. सिसिनी म्हणजे अँथुसाचा भाऊ. माझ्या हाताखाली आहे, कारण दुसरीकडे कुठे ठेवणार?

१५ फेब्रुवारी

बूट आले. डोळे दिपतात.

सिसिनी म्हणाला, दाजी, खरा रंग राजवाड्याबाहेर मिळतच नाही, नुसतं विचारलं तरी धरून नेतात. म्हणून मावशीकडून रंगवून घेतले. मावशी ईस्टरची अंडी रंगवते, तिच्या हातचं अंडं वर्षभर लाल राहतं. मी विचारलं, आणि कातडं? तो म्हणाला, कातडं तिने पहिल्यांदाच केलंय, पण हात चांगला आहे तिचा.

त्याला बजावलं की यापुढे दाजी नाही, महाराज म्हणायचं. तो म्हणाला, बरं महाराज दाजी.

बूट जरा चावतात. सत्ता चावतेच.

२६ फेब्रुवारी, रविवार

आज झालं. सम्राट झालो. थोडक्यात लिहितो, अंग दुखतंय.

मुद्दाम आजचा दिवस धरला. उद्यापासून ईस्टरपर्यंतचा मोठा उपास. आज चीज खायचा शेवटचा दिवस, म्हणजे शिपाई खुशीत. अंगणात सगळ्यांना उभं केलं. राजधानीच्या शहरातल्या रथशर्यतींना पहिल्या रांगेत बसवीन असं वचन दिलं. त्यांनी आरोळी ठोकली, थिओग्नोस्त सम्राट! सिसिनीने मुकुट पुढे केला (गळ्यातला हार, अँथुसाचा, ती चुलीपाशी असताना आणलेला).

आता, पद्धत अशी आहे की मुकुट पुढे आला की नको म्हणायचं. मी कुठला एवढा मोठा, मला हे ओझं नको, वगैरे. लोक आग्रह करतात. पुन्हा नको. पुन्हा आग्रह. तिसऱ्यांदा नको म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं, आणि मग नाइलाजाने घ्यायचा. हपापल्यासारखा पहिल्याच हाकेला मुकुट घेणारा माणूस सम्राट नव्हे, भिकारी. खानदानी घरात साधी वाइनसुद्धा तिसऱ्या आग्रहाला घेतात.

मी म्हणालो, नको. शिपाई म्हणाले, बरं. आणि जेवायला गेले.

गावंढळ! कोबीत वाढलेली माणसं. सिसिनीने एकेकाला पंगतीतून उठवून आणलं. तोंडात घास घेऊनच उरलेले दोन आग्रह केले. मग मला ढालीवर उभं करून उचललं. सिसिनीचा कोपरा खाली गेला आणि मी घोड्यांच्या हौदात पडलो. सम्राट म्हणून पडलो, ही गोष्ट वेगळी.

अँथुसाने कोरडे कपडे दिले, आधी हार काढून घेतला. म्हणाली, अहो, हे खेळ पुरे झाले, डोळे काढले, नाक कापलं तर मी काय करू? तुमचं नाक मोठं आहे खरं, पण आहे तसं मला चालतं. आणि छप्पर मीच शाकारून घेते. मी म्हणालो, ईस्टरला राजवाड्यात भेटू. ती हार फडक्यात गुंडाळून आत गेली. गहिवरली असणार.

१० मार्च

कूच सुरू आहे. सैन्याचा उत्साह दांडगा.

उपासामुळे नुसते भिजवलेले चणे. तेल नाही, चीज नाही, काही नाही. रात्री तंबूत वारा फार असतो. बाहेरचा नव्हे.

काही शिपाई द्राक्षवेली छाटायला घरी गेले. म्हणाले, छाटणी चुकली तर वर्ष गेलं, तुमचं सिंहासन काय, पुढल्या महिन्यातही असेल. असल्यांना जाऊ दिलेलंच बरं. उरलेत ते निवडक.

वाटेत दुसऱ्या एका किल्ल्याचा सरदार भेटला. गप्पांत कळलं की डोंगरावरच्या साधूला त्याच्याही डोक्यावर मुकुट दिसला होता. त्याने मात्र मेंढी दिली होती. हा खोटं बोलतोय. डोकं बघितलं मी त्याचं.

१९ मार्च

पोचलो. समोर पाणी, पाण्यापलीकडे शहर. भिंती, घुमट, सगळं. माझं.

चार दिवस पाऊस. बूट एकदाही काढले नाहीत. बूट काढलेला सम्राट म्हणजे नुसता थिओग्नोस्त.

शहराने वेशी बंद केल्या नाहीत, हा उघड अपमान आहे. किनाऱ्यावर उभा राहून मी शरण या म्हणून ललकारी दिली. एक नावाडी जवळ आला, म्हणाला, काका, पलीकडे जायचंय का, एकट्याला बसवतो, पण ओरडू नका, मासे पळतात. नाव विचारून ठेवायला हवं होतं. याच्या डोळ्यांपासून सुरुवात करीन.

२४ मार्च, शुक्रवार

घाबरले!

राजवाड्यातून अधिकारी आला. बिनदाढीचा, गुळगुळीत, स्वतःची उशी घेऊन आलेला. ती दगडावर ठेवून बसला आणि म्हणाला की सम्राट म्हणतात, झालं ते झालं. घरी जा, किल्ला सांभाळ, तुझं काही वाकडं होणार नाही. हौदाची गोष्ट आमच्यापर्यंत आलीय, आम्ही पुष्कळ हसलो, आता जा.

म्हणजे हातपाय कापतायत यांचे. अर्थातच मी म्हणालो, नको. आता हा दुसऱ्यांदा विचारील तेव्हा मोठी पदवी घेऊन येईल, आणि तिसऱ्यांदा अर्धं साम्राज्य.

तो म्हणाला, बरं. उशी उचलली आणि नावेत बसला.

वाट बघतोय. आज उद्या येईलच.

१ एप्रिल

आला नाही.

सिसिनी गेला. उरलेल्यांना घेऊन गेला. त्याला तीच माफी मिळाली, वर माझा किल्लाही. त्याने म्हणे पहिल्याच फटक्याला हो म्हटलं. भिकारडा! जाताना रडत होता, दाजी तुम्हीपण चला, ताईचा निरोप आलाय, छप्पर शाकारून झालं, आता या. मी तोंड फिरवलं. माझ्या मागे उभं राहायची ज्याची लायकी नव्हती, तो आता माझ्या खुर्चीत बसून माझ्याच शेळ्यांचं चीज खाणार.

माझ्यावर हुकूम निघालाय. सापडला की डोळे काढा. राजवाड्याला अखेर माझी किंमत कळली.

रात्रभर डोळे उघडे ठेवले. आहेत तोवर.

५ एप्रिल

प्लॅन सापडला. इतका साधा की दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

शहरात शिरायचं ते संन्यासी होऊन. काळा झगा, वर टोपी, खाली मान. संन्याशाकडे पहारेकरी बघत नाही, कारण बघितलं तर काहीतरी द्यावं लागतं. मग ईस्टरच्या पहाटे मोठ्या चर्चमध्ये, सगळं शहर जमलेलं असताना, झगा फेकायचा आणि लाल बूट दाखवायचे. लोक वेडे होतील.

झगा एका धर्मशाळेच्या दोरीवर वाळत होता. केस मी स्वतःच कात्रीने कापले, टाळूवर गोल. सोंग घ्यायचं तर पुरतं घ्यावं. बूट पोतडीत. पाय मात्र घोट्यापर्यंत लाल झालेत. पावसाने मावशीचा रंग आत उतरला. वाळूने घासले, राखेने घासले. जात नाही. बाईच्या हाताला खरंच गुण आहे.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

शहरात आहे. मिरवणुकीत हातात फांदी घेऊन शिरलो. पहारेकऱ्याने माझा आशीर्वाद मागितला. दिला. मूर्ख.

भिंतीलगतच्या एका मठात उतरलोय. मठाधिपती आकाकिओस बाबा, म्हातारे, अर्धवट डोळे मिटलेले. कुठून आलास विचारलं नाही. कांद्याची पात निवडता येते का विचारलं. नाकाने कांदे सोलणारे राजवाड्यात पुष्कळ पाहिलेत, हाताने सोलायची वेळ माझ्यावर आली. रविवारपर्यंतच.

संन्यासी सगळे बथ्थड. जेवताना बोलत नाहीत, बोलताना जेवणाचंच बोलतात.

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार

हे मला कसं सुचलं नाही? लहानपणापासून दर वर्षी बघत आलोय!

आजच्या दिवशी मठाधिपती बारा जणांचे पाय धुतात. देवाने शिष्यांचे धुतले म्हणून. नवा पाहुणा म्हणून मला पहिलं बसवलं. मान दिला म्हणे. मी म्हणालो, नको नको. इथे मात्र आग्रह केला. नको तिथे पद्धत पाळतात हे लोक.

बाबांनी माझी पायताणं काढली. सगळा मठ बघत होता. घोट्यापर्यंत लालभडक. जणू आतून बूट घातलेले.

बाबा पाय हातात घेऊन बसून राहिले. घासून पाहिलं. पुन्हा घासलं. मग मान वर न करता म्हणाले, बाळ, अंडी तू पायाने रंगवतोस काय?

सगळे हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना. बाबा हसले नाहीत. त्यांनी पाय पुसले, आणि रिवाजाप्रमाणे पायांचा मुका घेतला. त्यांचे डोळे पूर्ण उघडे होते. निळे आहेत.

१४ एप्रिल

बाबांनी बोलावलं. समोर माझी पोतडी, पोतडीवर बूट.

ते म्हणाले, बाळ, दोनच गोष्टी असू शकतात. तू संन्यासी नसशील तर तू तो पाण्यापलीकडे ओरडणारा आहेस, आणि मला वाड्यावर कळवायला हवं. ते लोखंड तापवून तयारच असतात. किंवा तू संन्यासी आहेस, आणि मग तुझं आधीचं नाव काय होतं याच्याशी कुणालाच घेणंदेणं नाही. सांग, कोण आहेस?

मी खालच्या आवाजात सांगितलं की संन्यासी आहे. तात्पुरतं.

ते म्हणाले, यात तात्पुरतं नसतं. आपल्या हाताने केस कापलेस, झगा घातलास, आमच्या पंगतीला बसलास. अंगात आला तो झगा निघत नाही. तू नवस म्हणून घातला की सोंग म्हणून, हे कापडाला काय कळतंय?

बूट ठेवून घेतले. अक्रोडाच्या सालीत काळे करून दारावर बसणाऱ्या संन्यासी भावाला देणार म्हणे, त्याच्याकडे धड पायताण नाही.

ईस्टरचा प्लॅन थोडा पुढे ढकललाय.

२० एप्रिल

घाईत लिहितोय म्हणून अक्षर वाईट.

काल सम्राट मेला. माशाचा काटा अडकून. काटे काढणारा ईस्टरला गावी गेला होता.

मूल नाही, भाऊ नाही. सकाळभर सिंहासन रिकामं होतं. इथून चालत गेलो असतो तर उन्हं चढायच्या आत पोचलो असतो. मी तेव्हा पात निवडत होतो.

दुपारी राजवाड्यातले कपडे सांभाळणाऱ्या कुणा अधिकाऱ्याच्या भाच्याला बसवलं. का, तर तो तिथे उभा होता, आणि बूट त्याला बरोबर बसले. पण ऐका, तीनदा नको म्हणाला म्हणे, आणि तीनदा लोकांनी आग्रह केला! शेवटी शहर ते शहर. पद्धत कळते इथे.

संध्याकाळी घंटा वाजवून आम्हाला रस्त्यावर उभं केलं. मिरवणूक गेली. मी पण ओरडलो, चिरंजीव होवो. सगळ्यांत मोठ्याने ओरडलो असं शेजारचा भाऊ म्हणाला. ढोंग म्हणून, अर्थात.

६ मे, शनिवार

नव्या सम्राटाने सगळ्या बंडखोरांना माफी दिली. यादीत माझं नावच नव्हतं. बाबांनी चौकशी केली तर वाड्यावरचा कारकून म्हणाला, कोण थिओग्नोस्त? मग शेवटी जोडलं.

अँथुसा आली. बायकांना दाराच्या आत यायला मनाई, म्हणून मी आत, ती बाहेर, मध्ये दारावरचा भाऊ माझ्या बुटांत. तिने चीजची पोळी आणली होती. माझ्या टकलाकडे बघून आधी हसली, मग रडायला लागली. माझं तेज बघून भरून आलं असणार.

म्हणाली, अहो, डोळे आहेत, नाक आहे, बाकी मला काही नको. चला घरी. सिसिनी किल्ल्यात राहू दे, आपण खालच्या शेतावर राहू. नवरा संन्यासी झाला की बायको मोकळी, असं मला सगळे सांगतात. पण मला मोकळं व्हायचं नाहीये हो.

मी बाहीने डोळे पुसले. पात निवडून निवडून सवय लागलीय.

बाबांना सांगितलं की मला जायचंय. म्हणजे, मी सांगितलं नाही. अँथुसा दारातून ओरडली ते त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, माझ्या हातात नाही, बिशपना लिहून बघतो.

२० मे, शनिवार

बिशपचं उत्तर आलं. जिवाच्या भीतीने झगा घातलेल्याला सोडता येतं.

अँथुसाला कळवलं होतं. ती सकाळीच खेचर घेऊन आली. खेचरावर माझं जुनं जाकीट, घडी केलेलं. दार उघडं होतं. सगळा मठ अंगणात. बाबांनी मला मध्ये उभं केलं आणि मोठ्याने विचारलं, बाळ, घरी जायचंय का?

सगळे माझ्याकडे बघत होते. ती बघत होती. इतकी माणसं माझ्याकडे हौदानंतर पहिल्यांदाच बघत होती. आणि मी विचार केला की थिओग्नोस्त असा तसा नाही. पहिल्याच हाकेला उडी मारायची म्हणजे सिसिनीच की. हे शहर आहे, इथे आग्रह करतात.

मान खाली घातली. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं. फार आणावं लागलं नाही.

म्हणालो, नको.

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. तेवढ्यात मला वाटलं, आता दुसऱ्यांदा. मग ते म्हणाले, बरं. आणि अंगणातल्या सगळ्यांनी देवाची स्तुती केली.

मी म्हणालो, बाबा, अजून दोनदा विचारायचं राहिलं. ते म्हणाले, बिशपनी लिहिलंय, एकदाच विचारा.

मी दाराकडे बघितलं. अँथुसा तिथेच उभी होती. मला वाटलं, ही तरी ओरडेल, अहो, हा काय वेडेपणा. तिला माझी पद्धत माहीत आहे, वीस वर्षं तिसऱ्या आग्रहाला वाइन वाढलीय तिने. पण तिने जाकीट खेचरावरून काढलं, दारावरच्या भावाच्या हातात दिलं, आणि खेचर वळवलं. भाऊ दार लावायला गेला. त्याचे बूट करकरत होते. चावत असणार त्यालाही.

२१ मे

ती परत येईल. दोनदा तरी येईल.

संध्याकाळी पाय धुतले. रंग पुरता गेला. पाणी नितळ होतं, तेच नंतर पातीच्या वाफ्याला घातलं.